इलेक्ट्रॉनीय उद्योगांचे देशांतर

इलेक्ट्रॉनीय वस्तू व त्यांचे घटकभाग बनविणाऱ्या कंपन्यांनी आपले परदेशातील उत्पादन एका देशातून उठवून दुसऱ्या देशात नेण्याच्या प्रक्रियेस इलेक्ट्रॉनीय उद्योगांचे देशांतर म्हणता येईल. स्वदेशातील कारखाना प्रथम परदेशी नेणे ही या प्रक्रियेची केवळ सुरुवात होय. हाँगकाँगमध्ये सुरू झालेले काम पुढे सिंगापूर-मलेशियाकडे वळणे, जर्मनीतील कारखाना रूमानियात व तेथून तीन-चार वर्षांतच आशियात हलणे, चीनमधील जुळणी व्हिएटनामला जाणे, हे तिचे पुढचे टप्पे आहेत. कमी मजुरी हे या साऱ्याचे कारण म्हणून सामान्यतः सांगितले जाते. पहिल्या टप्प्यापुरते ते बव्हंशी खरेही आहे. परंतु पुढच्या टप्प्यांचा उलगडा त्याने होत नाही. जेथे मजुरी सर्वांत कमी, तेथे हा उद्योग एकवटला, असे जगाच्या नकाशावर दिसत नाही. आयात शुल्काचे नियम, चलनांचे विनिमय दर, सुटे भाग पुरविणाऱ्यांची जवळीक आणि वस्तूचे बाजारातील आयुष्य यांनी कारखान्यांची वाट अधिक ठरविली. कारखाना गेल्यावर त्या गावात काय उरते, हे मात्र तो तेथे असताना गावाने त्याच्याकडून काय शिकून घेतले, यावर अवलंबून राहिले.

उद्योगाचे स्वरूप : पोलादाचा कारखाना खनिज व कोळसा यांना बांधलेला असतो, तो उचलून नेता येत नाही. इलेक्ट्रॉनीय उद्योगाचे तसे नाही. त्याच्या उत्पादनाचे टप्पे एकमेकांपासून सहज वेगळे करता येतात. अर्धसंवाहकांचेच उदाहरण घेतल्यास, सिलिकॉनच्या चकतीवर मंडले कोरण्याचे काम महागड्या यंत्रसामग्रीचे व कुशल अभियंत्यांचे असते. ती चकती कापून प्रत्येक तुकड्यास सूक्ष्म तारा जोडणे व तो आवरणात बंद करणे, हे काम १९६० नंतरच्या दशकात जवळजवळ संपूर्णपणे हातांनी होत असे. हजारो तुकडे एका लहान खोक्यात मावत आणि त्यांच्या किंमतीच्या मानाने विमानाचे भाडे क्षुल्लक ठरे. त्यामुळे पहिला टप्पा कॅलिफोर्नियात, दुसरा पॅसिफिक महासागरापलीकडे व अखेरची चाचणी पुन्हा कॅलिफोर्नियात, अशी विभागणी परवडू लागली. दूरचित्रवाणी संच वजनदार असल्याने त्यांच्या बाबतीत जहाजवाहतूक व बाजारपेठेचे अंतर यांना अधिक महत्त्व राहिले.

पूर्वपीठिका : देशांतराची सवय उद्योगाला देशातल्या देशातच लागली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आरसीए या कंपनीचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन येथील तिच्या कारखान्यात १९३६ साली मोठा संप झाला. त्यानंतर १९४० मध्ये कंपनीने रेडिओसंचांचे काम इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन या लहान गावी नेले. तेथे बेकार व असंघटित स्त्रीकामगार मुबलक होत्या. १९५४ मध्ये आरसीएच्या रंगीत दूरचित्रवाणी संचांचे उत्पादन याच गावात सुरू झाले. येथील कामगारही यथाकाल संघटित होऊन अधिक वेतन मागू लागले, तेव्हा कंपनीने दक्षिणेकडे टेनेसी राज्यातील मेंफिस येथे नवा कारखाना उभारला. तो पाचएक वर्षांतच बंद झाला. तोवर सीमेपलीकडे, मेक्सिकोतील सीउदाद ह्वारेस येथे, कंपनीने बस्तान बसविले होते. ब्लूमिंग्टनचा कारखाना मात्र तग धरून राहिला. दरम्यान आरसीएची मालकी जनरल इलेक्ट्रिककडे (१९८६) आणि तिच्या दूरचित्रवाणी व्यवसायाची फ्रान्सच्या थॉमसन कंपनीकडे गेली, आणि १९९८ मध्ये ब्लूमिंग्टनचाही कारखाना बंद झाला. ज्या ज्या गावी कंपनी गेली, तेथे प्रारंभी काम मिळाल्याचा आनंद, मग स्थैर्य, मग मागण्या आणि शेवटी निरोप, हाच क्रम दिसतो. ह्वारेसमध्येही पुढे वेतनासाठी तंटे झालेच.

फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर या कंपनीने १९६३ च्या सुमारास हाँगकाँगमध्ये ट्रॅन्झिस्टरांची जुळणी सुरू केली. अमेरिकी अर्धसंवाहक उद्योगाचे हे पहिले महत्त्वाचे परदेशगमन मानले जाते. तेथील मजुरी तासाला सु. २५ सेंट, म्हणजे अमेरिकेतील मजुरीच्या जवळपास दशांश होती. १९६५ मध्ये याच कंपनीने न्यू मेक्सिको राज्यातील शिपरॉक येथे, नॅव्हाहो या आदिवासी जमातीच्या राखीव प्रदेशात, एक कारखाना उघडला. हजाराहून अधिक नॅव्हाहो कामगार, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, तेथे काम करीत. नॅव्हाहो स्त्रियांचे गालिचे विणण्याचे कौशल्य मंडलांच्या जुळणीस उपयोगी पडते, असे कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकात गालिचा व मंडल शेजारी-शेजारी छापून सुचविले होते. १९७५ मध्ये काही कामगारांना कमी केल्यावर सशस्त्र आंदोलकांनी कारखान्याचा ताबा घेतला. तो सुटल्यावर कंपनीने कारखाना कायमचा बंद केला. मलेशियाच्या शासकीय पुस्तिकांतही पुढे पौर्वात्य स्त्रियांच्या हातांच्या चपळाईचे असेच गोडवे गायिलेले आढळतात. ही चपळाई जन्मजात नसून लहानपणापासून घरी केलेल्या शिवण-टिपणाचे ते फळ असते. शाळेत न शिकविल्यामुळे ते कौशल्य मात्र अकुशल समजले जाऊन त्याची मजुरीही अकुशल कामाचीच ठरे.

शुल्काचे कलम : मजुरीतील तफावत पूर्वीही होती, तिचा लाभ उठविणे १९६० नंतरच्या दशकातच का साधले, याचे उत्तर बऱ्याच अंशी अमेरिकेच्या जकात-सूचीत सापडते. १९६३ मध्ये अमलात आलेल्या या सूचीतील ८०७ व्या कलमानुसार अमेरिकेत बनलेले भाग परदेशात जुळवून परत आणल्यास त्या भागांची किंमत वजा करून उरलेल्या मूल्यावरच शुल्क द्यावे लागे. हे उरलेले मूल्य मुख्यतः मजुरीचे, आणि मजुरी तर अत्यल्प. म्हणून शुल्कही नाममात्र होई. मेक्सिकोने १९६५ मध्ये उत्तर सीमेवर सुरू केलेली औद्योगिकीकरण योजना या कलमाशी नेमकी जुळणारी होती. अमेरिकी शेतांवर मेक्सिकन मजूर नेण्याची जुनी व्यवस्था १९६४ मध्ये संपुष्टात आल्याने सीमेवरील गावांत बेकारी वाढली होती, हे या योजनेचे तातडीचे कारण. तैवानचे काओशुंग निर्यात प्रक्रिया क्षेत्र १९६६ मध्ये व दक्षिण कोरियाचे मासान येथील क्षेत्र १९७० मध्ये स्थापन झाले. कच्चा माल व यंत्रे शुल्काविना आत यावीत, तयार माल शुल्काविना बाहेर जावा, काही वर्षे करमाफी असावी आणि बहुधा कामगार संघटनांना मज्जाव असावा, असा या क्षेत्रांचा सर्वसाधारण साचा होता.

पेनँग व सिंगापूर : मलेशियातील पेनँग बेटाची हकीकत या विषयात विशेष लक्ष देण्याजोगी आहे. ब्रिटिश अमदानीपासूनचे हे खुले बंदर. १९६९ मध्ये त्याचा तो दर्जा काढून घेण्यात आला, व्यापार ओसरला आणि बेकारी तीव्र झाली. त्याच वर्षी राज्याचे मुख्यमंत्री झालेले लिम चाँग यू हे पेशाने डॉक्टर होते. त्यांनी विकास महामंडळ स्थापून अमेरिका, जपान व जर्मनी येथील कंपन्यांची दारे ठोठावली. १९७२ मध्ये बायान लेपास येथे मुक्त व्यापार क्षेत्र उघडले आणि इंटेल कंपनीने आपला परदेशातील पहिला जुळणी कारखाना त्याच वर्षी तेथे घातला. नॅशनल सेमीकंडक्टर, अॅडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस, ह्यूलेट-पॅकार्ड, हिताची इ. कंपन्याही थोड्याच अवधीत आल्या. आसपासच्या खेड्यांतील हजारो मलाय मुली प्रथमच पगारी नोकरीत शिरल्या. सूक्ष्मदर्शकाखाली डोळे ताणून केसाहून बारीक सोन्याची तार जोडण्याचे काम वर्षानुवर्षे करणे सोपे नव्हते. दृष्टी अधू झाल्याच्या तक्रारी तेव्हापासूनच्या आहेत. इलेक्ट्रॉनीय कामगारांना संघटना करू देण्यास मलेशियाच्या शासनाने दीर्घकाळ नकार दिला. १९८८ मध्ये एकेका कारखान्यापुरत्या संघटनांना संमती मिळाली. प्रादेशिक संघटनांना ती मिळण्यास २०१० उजाडावे लागले.

१९८० च्या सुमारास तार जोडण्याचे काम यंत्रे करू लागली. एक कामगार अनेक यंत्रे सांभाळू लागल्यावर मजुरीचा एकूण खर्चातील वाटा घटला, आणि आता ही जुळणी अमेरिकेत परत येईल, असे भाकित अनेकांनी केले. ते चुकले. मध्यंतरीच्या दहा वर्षांत पेनँगमध्ये यंत्रांची देखभाल करणारे तंत्रज्ञ, चाचणीचे काम बसविणारे अभियंते आणि साचे व सुटे भाग करून देणाऱ्या लहान स्थानिक कर्मशाळा तयार झाल्या होत्या. नवी यंत्रे तेथेच बसविणे कंपन्यांना सोयीचे वाटले. म्हणजे ज्या कारणासाठी कारखाने आले ते कारण संपल्यावरही ते राहिले, कारण दरम्यान राहण्यास दुसरे कारण निर्माण झाले होते. इंटेलचे काम पेनँगमध्ये पन्नास वर्षांनंतरही चालू राहिले.

सिंगापूरने याहून धीट मार्ग पत्करला. १९६५ मध्ये स्वतंत्र झालेल्या या नगरराज्याला १९६८ मध्ये ब्रिटिशांनी आपला लष्करी तळ हलविण्याचे जाहीर केल्यावर रोजगाराची चिंता पडली. त्याच सुमारास नॅशनल सेमीकंडक्टर व टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपन्या तेथे आल्या. दहा वर्षांत बेकारी संपली. तेव्हा १९७९ पासून सलग तीन वर्षे राष्ट्रीय वेतन मंडळाने वेतनात भरघोस वाढ करण्याच्या शिफारशी केल्या. हलक्या जुळणीचे काम परवडेनासे व्हावे, त्याची जागा अधिक कौशल्याच्या कामाने घ्यावी, हा यामागील उघड हेतू होता. साधी जुळणी मलेशिया, थायलंड येथे सरकली; सिंगापूरमध्ये सीगेट कंपनीने १९८२ मध्ये संगणकाच्या चुंबकीय तबकड्यांचे उत्पादन सुरू केले आणि काही वर्षांतच त्या वस्तूच्या उत्पादनात ते जगात अग्रेसर झाले. कारखाने जाण्याची वाट न पाहता शासनाने स्वतःच त्यांना निरोप दिल्याचे असे उदाहरण विरळाच. १९८५ च्या मंदीत या वेतनधोरणावर टीका झाली व ते शिथिल करावे लागले, हेही नमूद केले पाहिजे.

भारताने या स्पर्धेत उतरण्याचा प्रयत्न याच काळात केला. कांडला येथील क्षेत्र १९६५ मध्येच, म्हणजे काओशुंगच्या आधी, सुरू झाले होते. मुंबईत अंधेरी येथे १९७३ मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र (सीप्झ) खास इलेक्ट्रॉनीय निर्यातीसाठी स्थापन झाले. विमानतळ जवळ, इंग्रजी जाणणारे तंत्रज्ञ हाताशी आणि मजुरी पेनँगपेक्षा चढी नाही, असे असूनही अमेरिकी अर्धसंवाहक कंपन्यांचा ओघ इकडे वळला नाही. परवान्यांची गुंतागुंत व परकी भांडवलाविषयीचे त्या काळचे साशंक धोरण ही याची कारणे सांगता येतील. पण आग्नेय आशियात आधीच बसलेल्या घडीचे आकर्षण हेही लहान कारण नव्हे. सीप्झला लौकिक मिळवून दिला तो टाटा-बरोजसारख्या संगणक-आज्ञावली निर्यात करणाऱ्या संस्थांनी आणि १९८७-८८ पासून तेथे आलेल्या जडजवाहिराच्या उद्योगाने.

चलन व कोटा : जपानी कंपन्यांच्या देशांतरास मजुरीपेक्षा व्यापारी तंटे कारणीभूत झाले. १९७७ मध्ये अमेरिका व जपान यांच्यात करार होऊन जपानी रंगीत दूरचित्रवाणी संचांची अमेरिकेतील आयात तीन वर्षांसाठी वार्षिक साडेसतरा लाखांवर मर्यादित करण्यात आली. याचा परिणाम दुहेरी झाला. सोनीने सॅन डिएगो येथे १९७२ मध्येच कारखाना काढला होता आणि मात्सुशिताने १९७४ मध्ये मोटोरोलाचा दूरचित्रवाणी विभाग विकत घेतला होता. आता इतर जपानी कंपन्यांनीही अमेरिकेत, म्हणजे अधिक मजुरीच्या देशात, जुळणी सुरू केली. दुसरीकडे, जपानच्या मोकळ्या झालेल्या जागेत तैवान व कोरिया येथील संच शिरले, म्हणून १९७९ मध्ये त्यांच्यावरही मर्यादा घालावी लागली. एका देशापुरता बांध घातला की पाणी शेजारून वाहते, याचा प्रत्यय या उद्योगात पुढेही वारंवार आला.

२२ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलमध्ये पाच प्रमुख राष्ट्रांनी डॉलरचे मूल्य उतरविण्याचा समझोता केला. त्यावेळी डॉलरला सु. २४० येन पडत. १९८७ अखेर तो दर सु. १२० वर आला. जपानमध्ये बनलेली वस्तू अमेरिकी ग्राहकास सव्वादोन वर्षांत दुपटीने महाग व्हावी, असा हा फरक होता. कामगारांच्या वेतनात एका येनाचीही वाढ न होता जपान महाग देश बनला. दूरचित्रवाणी, वातानुकूलन यंत्रे, ध्वनिमुद्रक इत्यादींचे उत्पादन मलेशिया व थायलंडकडे वेगाने वाहू लागले. तैवानलाही हाच अनुभव आला. डॉलरमागे चाळीस तैवानी डॉलर हा दर चार वर्षांत सव्वीसच्या आसपास आला आणि १९८९ च्या प्रारंभी अमेरिकेने तैवान, कोरिया, हाँगकाँग व सिंगापूर यांना विकसनशील देश म्हणून मिळणारी शुल्कसवलत काढून घेतली. तैवानी उद्योजकांपुढे भाषा व नातेसंबंध यांनी जवळ असलेला चीनचा मुख्य प्रदेश होता. तेथील शेनजेन विशेष आर्थिक क्षेत्र १९८० पासून चालू होते, आणि १९८७ मध्ये तैवानी नागरिकांना मुख्य प्रदेशातील आप्तांना भेटण्याची मुभाही मिळाली होती. टेरी गौ यांनी १९७४ मध्ये स्थापलेल्या होन हाय या कंपनीने १९८८ मध्ये शेनजेनमध्ये कारखाना काढला. फॉक्सकॉन या नावाने ती पुढे जगातील सर्वांत मोठी कंत्राटी उत्पादक झाली.

पुरवठ्याचे जाळे : १९९० नंतर मालकीचे स्वरूपही पालटले. वस्तूवर ज्यांचे नाव, त्या कंपन्या स्वतःचे कारखाने विकून कंत्राटदारांकडून माल करवून घेऊ लागल्या. १९९६ च्या सिंगापूर येथील माहिती-तंत्रविद्या करारामुळे संगणक, अर्धसंवाहक इत्यादींवरील आयात शुल्क अनेक देशांत क्रमाने रद्द झाले आणि डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. तैवानने फिरत्या संगणकांचे उत्पादन चीनमध्ये नेण्यावरील बंदी २००१ मध्ये उठविली. पाच-सहा वर्षांत तैवानमधील जवळजवळ सर्व जुळणी यांगत्सी नदीच्या मुखाजवळील सूजौ, कुन्शान या शहरांकडे गेली. तैवानमध्ये मात्र शिन्चू येथील विज्ञान-उद्यानात (१९८०) अर्धसंवाहकांचे मूळ उत्पादन वाढत राहिले.

चीनचे सामर्थ्य केवळ स्वस्त मजुरीत नव्हते. २००९ मधील आयफोनच्या सु. १७९ डॉलर उत्पादनखर्चापैकी चीनमधील जुळणीचा वाटा अवघा साडेसहा डॉलर होता, असा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे. त्या साडेसहा डॉलरांत बचत करण्यासाठी कारखाना हलविणे आतबट्ट्याचेच ठरते. स्क्रू, काच, केबल, साचे, खोकी हे सारे तासा-दोन तासांच्या अंतरावर मिळणे आणि नव्या वस्तूचा आराखडा ऐनवेळी बदलला तरी हजारो कामगार व शेकडो अभियंते तत्काळ उभे करता येणे, याला मोल होते. किनारपट्टीवर वेतन वाढू लागले तेव्हा फॉक्सकॉनने २०१० च्या सुमारास चीनमध्येच आतील भागात, जंगजौ व चेंगडू येथे, कारखाने नेले. देशाबाहेर पडण्याआधी देशातच आत सरकण्याची आरसीएची जुनी चाल येथे पुन्हा दिसते.

जाळे एकदा विणले गेले की मोठी आपत्तीही उद्योगाला हलवीत नाही. २०११ च्या अखेरीस थायलंडमधील पुरात बँकॉकच्या उत्तरेकडील औद्योगिक वसाहती बुडाल्या. वेस्टर्न डिजिटलच्या कारखान्यात पाणी शिरले आणि जगभर चुंबकीय तबकड्यांची टंचाई होऊन किंमती भडकल्या. कंपनीने पाणी उपसून यंत्रे साफ केली व तेथेच उत्पादन सुरू केले. उलट २०१८ मध्ये तिने बंद करण्याचे ठरविले, तो पूर न आलेला मलेशियातील पेटालिंग जया येथील कारखाना. कारण जुन्या पद्धतीच्या तबकड्यांची मागणीच घटली होती.

नोकियाची वाटचाल : कंपनी एका देशातून दुसऱ्या देशात का जाते, याची बहुतेक सर्व कारणे फिनलंडच्या नोकिया कंपनीच्या सात-आठ वर्षांच्या इतिहासात एकत्र पाहावयास मिळतात. जर्मनीच्या रूर प्रदेशातील बोखुम येथील कारखाना मुळात ग्रेट्झ या रेडिओ व दूरचित्रवाणी संच करणाऱ्या कंपनीचा. नोकियाने तो घेऊन तेथे भ्रमणध्वनी बनविले. कोळशाच्या खाणी बंद पडत गेलेल्या या शहराला त्याचे मोठे अप्रूप होते आणि राज्य शासनाने कंपनीस कोट्यवधी यूरोंचे अनुदान दिले होते. जानेवारी २००८ मध्ये कंपनीने कारखाना बंद करून काम रूमानियात नेण्याचे जाहीर केले. सु. २,३०० नोकऱ्या गेल्या. आदल्याच वर्षी कंपनीने विक्रमी नफा कमावला असल्याने संताप अनावर झाला; जर्मन पुढाऱ्यांनी आपले नोकिया दूरध्वनी जाहीरपणे टाकून दिले. ठरलेल्या संख्येइतक्या नोकऱ्या कंपनीने राखल्या नाहीत, या मुद्द्यावर शासनाने अनुदान परत मागितले आणि अखेर दोन कोटी यूरोंवर तडजोड झाली.

रूमानियातील क्लूज शहराजवळच्या जुकू गावी स्थानिक शासनाने औद्योगिक वसाहत, रस्ते, पाणी, वीज यांची सिद्धता केली. तेथील मजुरी जर्मनीच्या अत्यल्प भागाइतकी. एवढे असूनही सप्टेंबर २०११ मध्ये कंपनीने तो कारखाना बंद करीत असल्याचे जाहीर केले, सु. २,२०० कामगार घरी बसले. रूमानियातील मजुरी काही तीन वर्षांत जर्मनीइतकी झाली नव्हती. सुटे भाग पुरविणारे व ग्राहक दोन्ही आशियात एकवटले असल्याने जुळणीही तेथेच व्हावी, हे कंपनीने दिलेले कारण होते. खोलवरचे कारण निराळे होते. स्पर्शपटल असलेल्या नव्या दूरध्वनींपुढे नोकियाची विक्री ढासळत होती आणि आवश्यकतेपेक्षा अधिक कारखाने हाताशी उरले होते. २०१२ मध्ये खुद्द फिनलंडमधील सालो येथील कारखाना बंद झाला. व्हिएटनाममध्ये बाक निन्ह येथे मात्र नवा कारखाना उभा राहून २०१३ मध्ये चालू झाला.

याच कंपनीचा तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथील कारखाना २००६ मध्ये सुरू झाला होता. भरभराटीच्या दिवसांत तो जगातील सर्वांत मोठ्या भ्रमणध्वनी कारखान्यांपैकी एक होता. फॉक्सकॉनसह अनेक पुरवठादार त्याच्या आवारात आले आणि भोवतालच्या जिल्ह्यांतील तरुणी कंपनीच्या बसगाड्यांतून पाळीवर येऊ लागल्या. येथे मजुरी कमी होती, पुरवठादार होते, मोठी देशी बाजारपेठही होती. मार्च २०१३ मध्ये आयकर खात्याने आज्ञावलीपोटी मूळ कंपनीस दिलेल्या रकमांवरील कराची सु. २,००० कोटी रुपयांची मागणी केली व पुढे कंपनीची मालमत्ता गोठविण्यात आली. त्याच वर्षी नोकियाने आपला दूरध्वनी व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकण्याचा करार केला. श्रीपेरुंबुदूरचा कारखाना हस्तांतरित करण्यासाठी ३,५०० कोटी रुपयांच्या हमीची अट न्यायालयाने घातली. कंपनीला ती मान्य झाली नाही. एप्रिल २०१४ मध्ये बाकीचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि हा एक कारखाना मालकाच्या हाती निरुपयोगी होऊन राहिला. हजारो कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती पत्करली. त्यांतील बहुतेकांचे वय पंचविशी-तिशीचे होते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी उत्पादन थांबले आणि त्यापाठोपाठ फॉक्सकॉननेही तेथील आपला कारखाना बंद केला. कराचा तंटा भारत-फिनलंड वाटाघाटींतून २०१८ मध्ये मिटला, कंपनीने सु. २० कोटी यूरो भरले. करवसुलीचा शासनाचा हक्क निर्विवाद असला, तरी निर्णयास लागलेली पाच वर्षे कामगारांच्या दृष्टीने फार लांब ठरली.

चीनबाहेरील वाटा : सॅमसंग कंपनीने १९९२ मध्ये चीनच्या हुइजौ शहरात कारखाना घातला होता. व्हिएटनामचे अमेरिकेशी संबंध १९९५ मध्ये सुरळीत झाले, २००७ मध्ये तो जागतिक व्यापार संघटनेत आला आणि २००९ मध्ये सॅमसंगने बाक निन्ह येथे दूरध्वनींचे उत्पादन सुरू केले. पहिली चार वर्षे करमाफी व पुढील नऊ वर्षे निम्मा कर, अशी उच्च तंत्रविद्येच्या उद्योगांना तेथे सवलत होती. २०१४ मध्ये थाय न्युएन प्रांतात दुसरा मोठा कारखाना उघडला. चीनमधील तिएनजिनचा कारखाना २०१८ च्या अखेरीस आणि हुइजौचा २०१९ मध्ये बंद झाला. अमेरिकेने २०१८ मध्ये चिनी मालावर लादलेल्या शुल्काचा हा परिणाम असल्याचे तेव्हा सर्रास लिहिले गेले. परंतु त्या शुल्कातून भ्रमणध्वनी वगळलेलेच होते. सॅमसंगची पावले दहा वर्षे आधीच व्हिएटनामकडे वळली होती. शिवाय चिनी ग्राहकांनी देशी दूरध्वनी पसंत केल्यामुळे चीनमधील तिची विक्री नगण्य झाली होती. ज्या बाजारपेठेसाठी तेथे राहावयाचे तीच हातची गेली होती. शुल्काचा प्रत्यक्ष फटका मार्गनियोजक, मुद्रक अशा वस्तूंना बसला व त्यांची अखेरची जुळणी व्हिएटनाम, मेक्सिको, तैवान येथे गेली. त्यांतील कित्येक सुटे भाग मात्र चीनमधूनच येत राहिले, त्यामुळे वस्तूवरील देशाचे नाव जितके बदलले तितके उत्पादन बदलले नाही.

भारताने एप्रिल २०२० पासून वाढीव विक्रीवर चार ते सहा टक्के प्रोत्साहन देणारी योजना पाच वर्षांसाठी अमलात आणली. तयार दूरध्वनींवरील आयात शुल्क त्याआधीच वाढविलेले होते. तैवानच्या विस्ट्रॉन कंपनीने बंगळूर येथे २०१७ मध्ये आयफोनची जुळणी सुरू केली. २०१९ पासून फॉक्सकॉनने ती श्रीपेरुंबुदूर येथे चालविली. २०२२ च्या अखेरीस जंगजौ येथे साथीच्या निर्बंधांमुळे कामगार कारखाना सोडून निघाले व उत्पादन विस्कळीत झाले, तेव्हा एकाच देशावर विसंबण्याचा धोका कंपन्यांना प्रकर्षाने जाणवला. विस्ट्रॉनचा नरसापुरा येथील कारखाना २०२३ मध्ये टाटा उद्योगसमूहाने घेतला.

नोकियाने सोडलेल्या जागांचे पुढे निरनिराळे झाले. जुकूचा कारखाना २०१२ मध्ये इटलीच्या देलाँगी कंपनीने घेऊन तेथे कॉफीयंत्रे बनविण्यास प्रारंभ केला. बोखुममधील काही अभियंत्यांना ब्लॅकबेरीच्या संशोधन केंद्रात काम मिळाले. जुळणी कामगारांना तसा आधार लाभला नाही. श्रीपेरुंबुदूरची वास्तू पाच वर्षे ओस पडून होती. २०१९ मध्ये ती सॅल्काँप या विद्युत्‌भारक बनविणाऱ्या कंपनीने घेण्याचे ठरविले. ही कंपनी मूळची सालोची, मात्र तोवर तिची मालकी चिनी उद्योगसमूहाकडे गेलेली होती.